मैलागाळापासून इंधन: गाळ घट्ट करण्यापासून गॅस जाळण्यापर्यंत

सांडपाणी शुद्ध करताना पाण्यातली बहुतेक घाण गाळात उतरते आणि तिच्याबरोबर ऊर्जाही उतरते. हा गाळ बंद टाकीत, हवेचा स्पर्श होऊ न देता कुजवला की त्यातून बायोगॅस मिळतो. गॅसमध्ये साधारण ६० ते ६५ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. त्यावर इंजिन चालते, बॉयलर पेटतो आणि पुरेसा शुद्ध केला तर वाहनेही चालतात. हे तंत्र शंभर वर्षांहून जुने आहे. तरीही अनेक ठिकाणी टाक्या उभ्या राहतात, चार-सहा महिने चालतात आणि मग रेतीने भरून किंवा आंबून पडून राहतात. दोष बहुधा टाकीचा नसतो. गाळ पातळ आला, शिळा आला किंवा एकदम ओतला गेला, यातले काहीतरी घडलेले असते. म्हणून या लेखात टाकीइतकीच जागा टाकीआधीच्या कामाला दिली आहे.

आधी गाळ मोजा

गाळात किती इंधन आहे हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी दोन आकडे लागतात: एकूण घनांश आणि त्यातला सेंद्रिय घनांश.

चिनी मातीची छोटी वाटी आधी ५५० अंश सेल्सिअसला तापवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून तिचे वजन घ्या. नीट ढवळलेल्या गाळाचा २५ ते ५० ग्रॅम नमुना तिच्यात घाला. ती १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. रात्रभर ठेवणे सोयीचे पडते. उरलेला कोरडा पदार्थ म्हणजे एकूण घनांश. तीच वाटी मग ५५० अंशांच्या भट्टीत ठेवा. काळा थर जळून करडी-तांबूस राख उरते. जे जळाले तो सेंद्रिय घनांश, आणि गॅस त्याच्यातूनच येणार. ताज्या मिश्र (प्राथमिक आणि जैविक) गाळात तो एकूण घनांशाच्या ७० ते ८० टक्के असतो. ६० टक्क्यांच्या खाली दिसला तर रेती जास्त येते आहे किंवा गाळ वाटेतच कुजून आला आहे.

नमुना कुठून घेता यावर सगळे अवलंबून आहे. पंप सुरू होताच निघणारा गाळ घट्ट असतो आणि शेवटी नुसते पाणी येते. दिवसभरात सहा-आठ वेळा थोडे थोडे घेऊन ते एकत्र करा.

कागदावरचा हिशेब

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. रोज १०० घनमीटर गाळ, घनांश ५ टक्के.

कोरडा घनांश ५,००० किलो. त्यात ७० टक्के सेंद्रिय धरला तर ३,५०० किलो. चांगल्या पचनात यातला निम्मा नष्ट होतो, म्हणजे १,७५० किलो. नष्ट झालेल्या दर किलोमागे ०.७५ ते १.१ घनमीटर गॅस मिळतो, ०.९ धरला तर रोज सुमारे १,५७५ घनमीटर. त्यात ६३ टक्के मिथेन, म्हणजे जवळपास ९९० घनमीटर. एक घनमीटर मिथेनमध्ये साधारण १० युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते, तेव्हा रोज ९,९०० युनिट हाती येतात. वीज आणि उष्णता दोन्ही देणाऱ्या गॅस इंजिनात यातले ३७ टक्के विजेत गेले तर ३,६६० युनिट वीज, आणि ४३ टक्के गरम पाण्याच्या रूपाने परत मिळाले तर ४,२५० युनिट उष्णता.

आता खर्चाची बाजू. गाळ १५ अंशांवरून ३७ अंशांवर न्यायला रोज सुमारे २,५६० युनिट उष्णता लागते. टाकीच्या भिंतींतून जाणारी उष्णता वेगळी. तरीही इंजिनाची उष्णता पुरून उरते.

हाच गाळ घट्ट न करता २.५ टक्क्यांवर पाठवला तर? घनांश तेवढाच, गॅसही फार तर तेवढाच, पण तापवायला २०० घनमीटर. लागणारी उष्णता ५,१२० युनिट. म्हणजे इंजिनाची सगळी उष्णता देऊनही टाकी थंड पडत जाणार. शिवाय २,००० घनमीटरच्या टाकीत गाळ २० दिवसांऐवजी १० दिवसच थांबणार. मिथेन करणारे सूक्ष्मजीव सावकाश वाढतात. त्यांना ३५ अंशांना किमान १२ ते १५ दिवस मिळाले नाहीत तर ते वाढण्यापेक्षा वेगाने बाहेर वाहून जाण्याचा धोका असतो. पातळ गाळाची टाकी उपाशी, थंड आणि घाईत, तिन्ही एकदम होते.

कचरा आणि रेती अडवा

ओले टिश्यू, केस, कापडाचे धागे टाकीत गेले की ढवळणीच्या पात्यांना दोरखंडासारखे वळले जातात. जमेल तिथे सहा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळी लावा. रेतीचे कक्ष नियमित साफ करा. टाकीत शिरलेली रेती तळाशी बसते आणि बाहेर येत नाही. पाच-सात वर्षांत टाकीचा मोठा भाग तिनेच व्यापला तर कागदावरचे २० दिवस प्रत्यक्षात १४ उरतात, आणि गॅस का कमी झाला हे कोणाला कळत नाही.

घट्ट करणे

प्राथमिक गाळ, म्हणजे पहिल्या निवळ टाकीत बसलेला, जड असतो. गोल तळाच्या निवळ टाकीत तो नुसत्या वजनाने ४ ते ६ टक्क्यांवर येतो. जैविक प्रक्रियेतला जादा गाळ मात्र फुगीर, पाणी धरून ठेवणारा. तो ०.५ ते १ टक्क्यावर येतो आणि आपणहून फारसा बसत नाही. त्याला पॉलिमर (गाळाचे कण एकत्र बांधणारे रसायन) देऊन गाळणी पट्टा, फिरता ड्रम किंवा सेंट्रिफ्यूजवरून (वेगाने फिरवून पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रावरून) ५ ते ६ टक्क्यांपर्यंत न्यावा लागतो. एक टक्क्याचा गाळ पाच टक्क्यांवर गेला की १०० घनमीटरचे २० होतात.

पॉलिमर कोरड्या घनांशाच्या दर टनामागे साधारण ३ ते ५ किलो लागतो. पावडर थेट टाकली तर तिचे चिकट गोळे होतात आणि निम्मा माल वाया जातो. ०.१ ते ०.३ टक्के द्रावण करा, हळू ढवळत अर्धा ते एक तास मुरू द्या, मगच वापरा. नेमका डोस बीकरमध्ये ठरवा: एकसारख्या नमुन्यांत वाढत्या प्रमाणात द्रावण घाला, एका बीकरमधून दुसऱ्यात काही वेळा ओता, आणि बघा. योग्य डोसला ठसठशीत गुठळ्या बनतात आणि मधले पाणी स्वच्छ दिसते. डोस जास्त झाला तर पाणी बुळबुळीत होते आणि गाळणीचे कापड लिंपले जाते.

सहा-सात टक्क्यांच्या पुढे साध्या टाकीत जाऊ नका. गाळ लापशीसारखा घट्ट होतो, ढवळणी फक्त आपल्या भोवतीच फिरते आणि कोपरे मरतात.

घट्ट केलेला गाळ त्याच दिवशी टाकीत गेला पाहिजे. दोन दिवस साठवला तर आम्ले आणि हायड्रोजन सल्फाइड तिथेच तयार होतात. वास तुम्हाला मिळतो, गॅस मिळत नाही. जैविक गाळातून जेवढी ऊर्जा निघते त्याहून जास्त प्राथमिक गाळातून निघते: प्राथमिक गाळाचा सेंद्रिय भाग ५० ते ६५ टक्के पचतो, जैविक गाळाचा ३० ते ४५ टक्केच. म्हणून पहिल्या निवळ टाकीतच जास्तीत जास्त घनकण अडवणे फायद्याचे. ऑस्ट्रियातल्या श्ट्रास इथल्या केंद्राने सांडपाण्यातला कार्बन अशा रीतीने लवकर उचलून पाचक टाकीकडे वळवला आणि लागते त्याहून जास्त वीज स्वतः तयार करून दाखवली.

टाकी: ऊब, ढवळणी, भरण

आपल्या उदाहरणासाठी १०० घनमीटर गुणिले २० दिवस, म्हणजे २,००० घनमीटर कामाचे आकारमान हवे. सेंद्रिय भार दर घनमीटरला रोज १.७५ किलो पडतो. हा सुखाचा भार आहे.

तापमान ३५ ते ३८ अंश ठेवा. नेमके ३५ की ३७ याला फार महत्त्व नाही, ते रोज सारखे असण्याला आहे. दिवसात अर्ध्या अंशाहून, फार तर एका अंशाहून जास्त बदल होऊ देऊ नका. तापवण्यासाठी टाकीबाहेरचा उष्णता विनिमयक बरा. गरम पाणी ६५ अंशांच्या आसपासच ठेवा; त्याहून तापले तर गाळ नळीला आतून भाजून चिकटतो आणि उष्णता पुढे जाईनाशी होते. बाहेर जाणाऱ्या उबदार गाळाने आत येणारा थंड गाळ तापवला तर इंधनाची चांगली बचत होते.

ढवळणीला यांत्रिक पद्धतीत दर घनमीटरला ५ ते ८ वॅट शक्ती धरतात. ढवळणी चालू आहे एवढे पाहून थांबू नका. टाकीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या नळातून नमुने काढा. घनांशात १० टक्क्यांहून जास्त फरक किंवा तापमानात एक अंशाहून जास्त फरक म्हणजे टाकीचा काही भाग निजला आहे.

भरण दिवसातून एकदा करणे ही सर्वांत सामान्य चूक. आम्ल करणारे जीवाणू काही तासांत अन्नावर तुटून पडतात, आम्लाचा लोंढा येतो आणि मिथेन करणारे मागे पडतात. गॅस तासाभरात उसळतो, फेस चढतो, रात्री इंजिन बंद पडते. दर एक-दोन तासांनी थोडे थोडे भरण द्या. जेवढा गाळ आत तेवढाच बाहेर, आणि शक्य तर एकाच वेळी.

टाकी सुरू करताना

चालू टाकीतला पचलेला गाळ विरजण म्हणून मिळाला तर सगळे सोपे होते. टाकीच्या १० ते ३० टक्के आकारमानाचे विरजण घ्या आणि उरलेली टाकी शुद्ध केलेल्या सांडपाण्याने कामाच्या पातळीपर्यंत भरा. पातळी पूर्ण ठेवल्याने वरची हवेची जागा कमी उरते. तीही नायट्रोजनने झाडून घ्या. मिथेन आणि हवा यांचे मिश्रण ५ ते १५ टक्के मिथेनवर स्फोटक असते, आणि नवी टाकी त्या टप्प्यातून जाते.

आधी रोज अर्धा ते एक अंश या गतीने ३७ अंशांवर या. मग दर घनमीटरला रोज ०.३ किलो सेंद्रिय घनांशाने भरण सुरू करा. आमच्या उदाहरणातल्या टाकीत हे ६०० किलो, म्हणजे ५ टक्के गाळाचे साधारण १७ घनमीटर. दर आठवड्याला थोडे वाढवा, पण पुढे दिलेले आम्ले आणि अल्कता यांचे गुणोत्तर ०.३ च्या खाली असेल तरच. विरजण चांगले असेल तर पूर्ण भाराला दीड-दोन महिने लागतात. इथे घाई केली तर तेवढेच महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

टाकीची नाडी

पीएच ६.८ ते ७.४ असावा, पण पीएचवर विसंबू नका. गाळातली अल्कता आम्ल शोषत राहते आणि ती संपेपर्यंत पीएच हलत नाही. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. खरी नाडी म्हणजे बाष्पनशील आम्ले आणि अल्कता यांचे गुणोत्तर. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही: पीएच मीटर, ब्युरेट आणि ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल पुरे.

टाकीतला गाळ गाळून २० मिलिलिटर द्रव घ्या. हळू ढवळत आम्ल घाला आणि पीएच ५.० येईपर्यंत किती मिलिलिटर लागले ते लिहा. पुढे ४.४ येईपर्यंत आणखी किती लागले तेही लिहा. पहिल्या आकड्याला २५० ने गुणले की अल्कता मिळते. दुसऱ्याला १.६६ ने गुणून, त्यातून ०.१५ वजा करून ५०० ने गुणले की आम्ले मिळतात. दोन्ही दर लिटरला मिलिग्रॅममध्ये. समजा १४ आणि १ मिलिलिटर लागले. अल्कता ३,५००, आम्ले ७५५, गुणोत्तर ०.२२. टाकी ठणठणीत आहे. ०.३ ओलांडले की भरण वाढवणे थांबवा. ०.४ च्या पुढे धोका समजा. ०.८ च्या आसपास मिथेन बनणे जवळपास थांबते. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आलेखाचा चढ महत्त्वाचा, म्हणून चाचणी आठवड्यातून किमान तीनदा करा.

नाकही कामाला येते. चांगला पचलेला गाळ काळा असतो आणि त्याला डांबरासारखा सौम्य वास येतो. आंबट, उग्र वास आणि करडा रंग म्हणजे पचन अर्धवट. पण वास फक्त उघड्यावरच्या बाटलीतल्या नमुन्याचा. टाकीच्या झाकणाशी किंवा खड्ड्यात नाक नेऊ नका.

टाकी आंबली तर भरण निम्मे करा, गंभीर असेल तर बंद. ऊब आणि ढवळणी चालू ठेवा. दुसऱ्या निरोगी टाकीतले विरजण मिळाले तर तो उत्तम उपाय. अल्कता वाढवायची तर खाण्याचा सोडा वापरा: २,००० घनमीटरमध्ये अल्कता ५०० मिलिग्रॅमने वाढवायला सुमारे १,६८० किलो लागतो, तो तीन-चार दिवसांत विभागून द्या. चुना स्वस्त, पण तो वरच्या जागेतला कार्बन डायऑक्साइड खेचून घेतो. झाकणाखाली निर्वात तयार होऊन छप्पर आत खचू शकते, आणि तळाशी चुनखडी बसते ती वेगळीच. शिवाय कारण शोधल्याशिवाय सोडा ओतत राहणे म्हणजे ताप उतरवून आजार तसाच ठेवणे. कारण बहुधा चौघांपैकी एक: भरण एकदम वाढले, तापमान घसरले, गाळ पातळ झाला किंवा कुठून तरी विषारी औद्योगिक पाणी आले.

किती पचन झाले हे काढताना एक चूक सर्रास होते. आत ७० टक्के सेंद्रिय आणि बाहेर ५४ टक्के असेल तर १६ टक्के पचले असे नाही, कारण एकूण घनांशही घटलेला असतो. व्हॅन क्लीकचे सूत्र वापरा: (०.७० वजा ०.५४) भागिले (०.७० वजा ०.७० आणि ०.५४ यांचा गुणाकार). उत्तर ०.५०, म्हणजे निम्मे पचले. टाकीत रेती साचत असेल तर मात्र हे सूत्र खऱ्यापेक्षा कमी पचन दाखवते.

फेस आणि खडा

फेस दोन कारणांनी येतो: अनियमित भरण, किंवा जैविक टाकीतून आलेले मायक्रोथ्रिक्स, गॉर्डोनिया यांसारखे तंतुमय जीवाणू. फेस गॅसच्या नळीत शिरला तर ज्योतरोधक (ज्योत नळीतून मागे शिरू न देणारा भाग) तुंबतो आणि झाकणाखाली दाब वाढतो. फेसनाशक तात्पुरते आहे. भरण सारखे करा, पातळी थोडी खाली आणा आणि तंतुमय जीवाणूंचा बंदोबस्त वरच्या टाकीतच करा.

स्ट्रुव्हाइट हा मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट यांचा पांढरा, टणक खडा. गाळ टाकीबाहेर पडला की कार्बन डायऑक्साइड निसटतो, पीएच चढतो आणि कोपर, पंप, व्हॉल्व्ह यांवर हा खडा चढतो. पाइप गुळगुळीत ठेवा, वळणे कमी करा, गाळ उंचावरून पडू देऊ नका. फेरिक क्लोराइडचा डोस फॉस्फेट बांधून ठेवतो आणि हायड्रोजन सल्फाइडही कमी करतो, म्हणजे एका खर्चात दोन कामे.

गॅस स्वच्छ करा

टाकीतून निघणारा गॅस पाण्याच्या वाफेने ओतप्रोत असतो. ३७ अंशांना दर घनमीटरमध्ये ४४ ग्रॅम, ५ अंशांना ७ ग्रॅम. आमच्या १,५७५ घनमीटरमधून रोज जवळपास ६० लिटर पाणी निघणार. म्हणून गॅसची नळी उताराने टाका आणि प्रत्येक सखल जागी पाणी काढणारा सापळा बसवा. गॅस येत नाही या तक्रारीचे मूळ अनेकदा एका भरलेल्या सापळ्यात सापडते.

हायड्रोजन सल्फाइड इंजिनाचे तेल आंबवतो आणि तांब्याचे भाग खातो. लोहक्षार टाकीत, लोह ऑक्साइडचे किंवा सक्रिय कार्बनचे भांडे गॅसवर, असा दुहेरी बंदोबस्त ठेवा. इंजिनाआधी तो काही शे पीपीएमच्या (दशलक्षात इतके भाग) खाली हवा. नेमकी मर्यादा इंजिन बनवणाऱ्याच्या कागदात पाहा. शाम्पू आणि प्रसाधनांतून येणारे सिलोक्सेन (सिलिकॉनची संयुगे) जळले की त्यांची वाळू होते. सिलिंडर आणि स्पार्क प्लगवर पांढरा कठीण थर दिसला तर हाच चोर. सक्रिय कार्बन तो पकडतो, पण गॅस आधी सुकवलेला असेल तरच. ओल्या गॅसने कार्बन झटपट निकामी होतो.

वाहनाच्या इंधनासाठी कार्बन डायऑक्साइडही काढावा लागतो, पाण्याने धुऊन किंवा पटलांतून. मिथेन ९५ टक्क्यांच्या वर नेऊन २०० ते २५० बार दाबाने भरतात. आमच्या टाकीतून रोज जेमतेम ७०० किलो मिळेल, पण मग गाळ तापवायला दुसरी उष्णता शोधावी लागेल. जो गॅस वापरता येत नाही तो मशालीत जाळाच, मोकळा सोडू नका: शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो.

जिवाची काळजी

हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या वर गेला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते धोका टळला. ७०० ते १,००० पीपीएमला एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. खड्ड्यात, टाकीत, विहिरीत उतरण्याआधी मीटरने ऑक्सिजन, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तिन्ही मोजा, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचे नाही. जबरी वायुवीजन, हार्नेस आणि वर उभा असलेला माणूस यांशिवाय कोणालाही उतरवू नका. आत कोणी पडला तर श्वसनयंत्राशिवाय मागोमाग उडी मारू नका. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच पुन्हा पुन्हा दगावतात.

दाब आणि निर्वात दोन्हींचे सुटका व्हॉल्व्ह दर महिन्याला हाताने तपासा. भरणापेक्षा वेगाने गाळ उपसला तर झाकणाखाली निर्वात होऊन हवा आत शिरते किंवा छप्पर चेपते.

उरलेला गाळ: वाळवायचा की नाही

पचनानंतर रोज ३,२५० किलो कोरडा घनांश उरतो. सेंट्रिफ्यूजमधून २५ टक्क्यांचा केक (निथळलेला घट्ट गाळ) निघाला तर १३ टन. निथळलेले पाणी अमोनियाने भरलेले असते. ते एकदम मुख्य प्रक्रियेत सोडू नका, साठवून दिवसभर सारखे सोडा.

हा केक ९० टक्के कोरडा करायचा तर रोज सुमारे ९,४०० किलो पाणी उडवावे लागेल. यंत्रात दर किलो पाण्याला ०.९ युनिट धरले तर ८,४५० युनिट. वाळलेल्या पचलेल्या गाळाचे उष्णतामूल्य किलोला साधारण १२ मेगाज्यूल, म्हणजे सगळा मिळून १०,८०० युनिट. चार वाट्यांतले तीन वाटे पाणी उडवण्यातच जातात. म्हणून यंत्राने वाळवणे तेव्हाच परवडते जेव्हा शेजारी फुकट जाणारी उष्णता असते. नाहीतर काचघरात, उन्हावर, रोज परतत वाळवा. त्याला जागा आणि आठवडे लागतात.

यंत्रात ४० ते ६० टक्के कोरडेपणाला गाळ गोंदासारखा चिकट होतो आणि पाती अडकतात. कोरड्या गाळाचा काही भाग परत ओल्यात मिसळून हा टप्पा ओलांडता येतो. तयार दाणे ४० अंशांच्या खाली गार करूनच साठवा. गरम किंवा पुन्हा भिजलेला ढीग आतून तापत जाऊन पेट घेतो, आणि त्याची धूळ हवेत उडाली की ठिणगी पुरते.

हे दाणे चुलीत किंवा लहान बॉयलरमध्ये जाळू नका. त्यांत पारा, कॅडमियम असे जड धातू असतात आणि जवळपास निम्मी राख असते. सिमेंटची भट्टी किंवा ८५० अंशांहून तापलेली, धूर धुण्याची सोय असलेली तरंगत्या वाळूची भट्टी हीच त्यांची जागा. भट्टीत फक्त गाळच जाळला असेल तर राखेत फॉस्फरस एकवटतो. ती सिमेंटमध्ये किंवा इतर राखेत मिसळली की तो कायमचा गेला, म्हणून अशी राख वेगळी साठवा.